वाघिणीचे दार कसे होते?

मालगाडीच्या डब्याला इंग्रजीत 'वॅगन' म्हणतात. त्याची 'वाघीण' झाली आणि तो शब्द मराठीत रुळला. वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरी गावी काही विद्यार्थ्यांसमोर मी अशीच एक वाघीण टेबलावर ठेवली होती. करड्या रंगाची, साडेआठ-नऊ सेंटिमीटर लांबीची, घरच्या यंत्रावर रेझिनमध्ये तयार केलेली. मूर्तिजापूर ते यवतमाळ या छोट्या रेल्वेवरच्या मालडब्याची ही प्रतिकृती आहे, असे मी सांगितले. इंझोरीच्या माणसांना ही रेल्वे परकी नाही. मानोरा तालुक्याच्या या भागातून जवळची मोठी गावे म्हणजे कारंजा आणि दारव्हा, आणि दोन्ही गावे या मार्गावरची.

मागे दोन वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांपैकी एकांनी डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "बाप्पा, दार असं नव्हतं. ते बाजूले सरके." दुसरे लगेच म्हणाले, "नाही जी, दोन पल्ले होते, बाहेर उघडत." दोघांचा वाद रंगला. मी मात्र गप्प होतो. कारण दार मी अंदाजाने काढले होते. माझ्याजवळच्या छायाचित्रात डब्याची ती बाजू दिसतच नव्हती.

डब्यावरच्या रिव्हेटा स्पष्ट उमटल्या होत्या, कडा धारदार होत्या, पण दाराबद्दल मला काहीच माहीत नव्हते. या लेखात आपण दोन गोष्टी पाहणार आहोत. पहिली, अशी प्रतिकृती घरी करता येईल इथपर्यंत विज्ञान कसे पोहोचले. दुसरी, एवढे झाल्यावरही जे काम यंत्र करू शकत नाही ते कोणते.

कापसासाठी आलेली रेल्वे

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला आणि वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळहून निघालेला फाटा १८६७ साली नागपूरला पोहोचला. या मोठ्या मार्गावर मूर्तिजापूर स्टेशन होते. परंतु कापूस पिकत होता तो मार्गाच्या दोन्ही बाजूंना, दूरवर. तो बैलगाडीने मूर्तिजापूरपर्यंत आणावा लागे.

मुंबईच्या किलिक, निक्सन अँड कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. मूर्तिजापूरहून कारंजा व दारव्हामार्गे यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर अशी ही छोट्या रुळांची रेल्वे. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाली, पण या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. गाड्या मात्र मध्य रेल्वे करारानुसार चालवत असे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले 'झेडडी' वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३ पासून इथे धावले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. त्यानंतर डिझेल इंजिन आले. लोकांनी या गाडीला 'शकुंतला' असे लाडके नाव दिले. २०१० नंतरच्या दशकात ही प्रवासी गाडी टप्प्याटप्प्याने थांबली.

थांबलेल्या रेल्वेचे लोखंड एक तर गंजते, नाही तर भंगारात जाते. तिच्या आठवणी माणसांबरोबर जातात. प्रतिकृतीचा प्रश्न इथे केवळ छंदाचा राहत नाही.

साच्याचे अर्थशास्त्र

खेळण्यातल्या रेल्वेला शिस्त लावली ती जर्मनीतील मेर्क्लिन या कंपनीने. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत तिने ठरावीक अंतराच्या रुळांची मालिका मांडली. त्यामुळे आज घेतलेला डबा उद्या घेतलेल्या रुळावर चालू लागला. पुढे खेळणी मागे पडली आणि खऱ्या गाडीशी प्रमाणबद्ध अशा प्रतिकृती आल्या. त्यांत सर्वांत रूढ झालेले प्रमाण म्हणजे 'एचओ'. हे नाव 'हाफ झीरो' यावरून पडले. 'झीरो' या जुन्या प्रमाणाच्या निम्मे, म्हणजेच खऱ्या १ फुटाला प्रतिकृतीत ३.५ मिलिमीटर. गुणोत्तर साधारण १:८७. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तिथे धावणाऱ्या गाड्या पाहिल्या म्हणजे या प्रमाणाची कल्पना येते.

कारखान्यात असे डबे प्लास्टिकचे होतात. वितळलेले प्लास्टिक दाबाने पोलादी साच्यात भरतात. एक डबा करायला काही सेकंद लागतात, पण तो पोलादी साचा कोरून घ्यायला लाखो रुपये खर्च येतो. हजारो डबे विकले गेले तरच हा खर्च निघतो. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या प्रसिद्ध गाड्यांच्या प्रतिकृती दुकानात भरपूर मिळतात. कारंजा-दारव्ह्याच्या वाघिणीसाठी कोणी साचा कोरत नाही. ज्यांना अशी अप्रसिद्ध गाडी हवी असे ते पितळेचा पत्रा, लाकूड वा पुठ्ठा कापून ती हाताने करत. एक नमुना हाताने करून, त्याचा सिलिकॉन रबराचा साचा घेऊन त्यात रेझिन ओतण्याची रीतही होती. हे सर्व कौशल्याचे आणि चिकाटीचे काम.

साच्याशिवाय वस्तू करता आली तर? हा प्रश्न रेल्वेच्या छंदातून सुटला नाही. तो सुटला प्रकाशाच्या रसायनशास्त्रातून.

प्रकाशाने घट्ट होणारा द्रव

बहुवारिक म्हणजे पॉलिमर. लहान रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या वा जाळ्या होतात, तेव्हा द्रवाचा घन पदार्थ बनतो. काही रेझिनांत ही साखळी सुरू करून देणारा एक पदार्थ मिसळलेला असतो. त्याला प्रकाश-आरंभक म्हणू. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पडला की त्याचे रेणू तुटून अतिशय क्रियाशील तुकडे होतात आणि ते शेजारच्या रेणूंना जोडणीला लावतात. प्रकाश पडेल तिथेच घन, बाकी सर्व द्रव. दाताच्या पोकळीत भरलेला मसाला दंतवैद्य निळा प्रकाश टाकून घट्ट करतात, तो याच तत्त्वावर.

जपानमधील नागोया शहराच्या औद्योगिक संशोधन संस्थेत हिदेओ कोदामा यांनी १९८० च्या सुमारास असा द्रव थराथराने घट्ट करून त्रिमित वस्तू तयार केली आणि १९८१ साली ते काम प्रसिद्ध केले. त्यांचा पेटंटचा अर्ज मात्र पुढे गेला नाही. १९८४ च्या जुलैमध्ये फ्रान्समधील तिघा संशोधकांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या संस्थेला त्यात धंदा दिसला नाही. तीनच आठवड्यांनी, ८ ऑगस्ट १९८४ रोजी, अमेरिकेत चार्ल्स हल यांनी अर्ज केला. हल हे अतिनील दिवे करणाऱ्या कंपनीत काम करत. टेबलाच्या पृष्ठभागावरचा लेप घट्ट करायला ते दिवे वापरत असत. असे लेप एकावर एक चढवत गेले तर वस्तूच उभी राहील, ही त्यांची कल्पना. मार्च १९८३ मध्ये त्यांनी एक छोटा पेला करून पाहिला होता. पेटंट १९८६ साली मिळाले आणि त्याच वर्षी त्यांनी कंपनी काढली.

ती पहिली यंत्रे कारखान्यांनाच परवडत. लेझरचा ठिपका रेझिनच्या पृष्ठभागावर रेघ ओढत फिरे. मग ती घरात कशी आली? तीन कारणे सांगता येतील. मूळ पेटंटांची मुदत संपली. जांभळा प्रकाश देणारे गॅलियम नायट्राइडचे दिवे स्वस्त झाले. (निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपल्याला आठवत असेल.) आणि तिसरे कारण म्हणजे मोबाइल फोन. फोनसाठी कोट्यवधींनी तयार होणारे बारीक ठिपक्यांचे पडदे स्वस्तात मिळू लागले.

घरगुती यंत्रात तळाशी ४०५ नॅनोमीटरचे दिवे असतात. हा प्रकाश दृश्य वर्णपटाच्या जांभळ्या टोकाचा आहे. त्यावर असा पडदा, पडद्यावर पारदर्शक पातळ पापुद्रा असलेली रेझिनची थाळी, आणि वरून खाली येणारी धातूची पाटी. संगणकात आपली वाघीण ०.०५ मिलिमीटरच्या चकत्यांत कापलेली असते. पडदा एकेका चकतीचे चित्र दाखवतो. चित्र असेल तिथून प्रकाश आरपार जातो, बाकी ठिकाणी अडतो. दोन-तीन सेकंदांत तो थर घट्ट होऊन पाटीला चिकटतो, पाटी वर उचलली जाते आणि पुढचा थर सुरू होतो. ३० मिलिमीटर उंचीच्या डब्याला ६०० थर लागतात. उचलणे-टेकवणे धरून एका थराला ९ सेकंद लागले तर एकूण दीड तास. संपूर्ण थर एकदम घट्ट होत असल्यामुळे पाटीवर एक डबा असो वा चार, वेळ तेवढाच लागतो! विद्यार्थ्यांना याचे कारण विचारून पाहावे.

प्रकाश थरापलीकडे का जात नाही? जातो, पण क्षीण होत जातो. रेझिनच्या प्रत्येक समान जाडीत आलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा शोषला जातो. हाच बीअर-लँबर्टचा नियम. विद्यार्थी रंगीत द्रावणांसाठी तो शिकतात. रेझिनमधला रंग हे शोषण ताब्यात ठेवतो. प्रकाश गरजेपेक्षा जास्त वेळ दिला तर तो बाजूला आणि खोलवर झिरपतो. मग रिव्हेटा फुगतात आणि फटी बुजतात. इंझोरीला दाखवलेला डबा माझा पाचवा होता. आधीचे चार याच कारणाने वाया गेले.

८७ या संख्येची करामत

आता थोडे गणित करू. ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागले तर ८.७६ येतात. ९ मिलिमीटर रुळांचे छोटे साहित्य बाजारात सर्वत्र मिळते, कारण 'एन' नावाच्या आणखी लहान प्रमाणासाठी ते तयार होते. म्हणजे आपल्या छोट्या रेल्वेसाठी चाके आणि रूळ आयतेच मिळतात. जगभरचे छांदिष्ट या जोडणीला 'एचओएन-३०' म्हणतात. यातले ३० म्हणजे ३० इंच. शकुंतलेच्या रुळांचे माप त्या नावातच आहे.

या प्रमाणात मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा मार्ग सुमारे १ किलोमीटर ३०० मीटर होईल. वजनाचे काय? लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ पटींनी घटल्यामुळे घनफळ ८७ × ८७ × ८७, म्हणजे ६,५८,५०३ पटींनी घटते. समजा रिकामी वाघीण ६ टनांची आहे. त्याच पदार्थांची हुबेहूब प्रतिकृती केली तर तिचे वजन भरेल अवघे ९ ग्रॅम. १७० किलोची कापसाची गाठ होईल पाव ग्रॅमची. एवढे हलके डबे वळणावर रुळावरून उतरतात. म्हणून डब्याच्या पोटात लोखंडाची पट्टी ठेवावी लागते. आकार लहान करता आला तरी निसर्गाचे सर्व नियम त्याच प्रमाणात लहान होत नाहीत, हे मुलांना इथे हाताने कळते.

जाडीची अडचण याहून मोठी. ३ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा प्रमाणात ०.०३४ मिलिमीटर होतो. हे यंत्राच्या एका थरापेक्षाही कमी आहे. इतकी पातळ भिंत उभीच राहणार नाही. म्हणून ती पाऊण-एक मिलिमीटर जाड करावी लागते. २० मिलिमीटरच्या रिव्हेटेचे डोके मात्र ०.२३ मिलिमीटर येते आणि ते पडद्याच्या चार-पाच ठिपक्यांत बसते. थोडक्यात, बाहेरून दिसणारी मापे खरी ठेवायची आणि आतली जाडी सोयीने घ्यायची. ही तडजोड आहे. तडजोड कुठे केली ते लिहून ठेवले तर ती अप्रामाणिक ठरत नाही.

उसनी मापे

मग माझी चूक कोणती? ती अशी. महाराष्ट्रातली दुसरी प्रसिद्ध छोटी रेल्वे म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती बांधली आणि १८९७ साली सुरू केली. तिचेही रूळ अडीच फुटांचेच. कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू नये, म्हणजे हलके स्वस्त रूळ चालतील, हे त्याचे सूत्र. मालडब्यांसाठी त्याने दाबून घडवलेल्या पोलादाची एकच चौकट ठरवली होती, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. लांबी रुळांमधल्या अंतराच्या बरोबर दहापट! १:८७ मध्ये ही चौकट साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर लांब आणि साडेचोवीस मिलिमीटर रुंद येते. कॅलथ्रॉपने आपल्या कल्पनांचा सतत प्रचार केला, त्यामुळे ही मापे छापील स्वरूपात मिळतात.

मी तीच मापे उचलली, त्यावर अंदाजाने दार बसवले आणि डब्याला शकुंतलेचा डबा म्हटले. रुळांमधले अंतर सारखे म्हणून डबेही सारखे असतील, हे मी गृहीत धरले होते. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने एका नमुन्याची मोजणी दुसऱ्या नमुन्याच्या नावावर टाकली असती तर मी ती वही परत केली असती. गुळगुळीत, नेटक्या वस्तूवर पाहणारा चटकन विश्वास ठेवतो. म्हणून सफाईने केलेली चुकीची प्रतिकृती ओबडधोबड चुकीच्या प्रतिकृतीपेक्षा जास्त नुकसान करते. उद्या त्याच फाइलवरून आणखी वीस जण डबे काढतील आणि माझा अंदाज इतिहास होऊन बसेल.

शाळेने काय करावे

यंत्र शाळेत नसले तरी खरे काम शाळा करू शकते. ते काम मोजण्याचे आहे. नागपूरला मोतीबाग येथे २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथली वाहने ७६२ मिलिमीटर रुळांचीच आहेत. सहल तिथे न्यावी आणि परवानगी घेऊन मुलांच्या हाती टेप द्यावी. प्रत्येक माप दोघांनी स्वतंत्रपणे घ्यावे. आधी मोठी मापे घ्यावीत: चौकटीची लांबी, रुंदी, रुळापासूनची उंची, चाकांचा व्यास, आसांमधले अंतर. मग दारे, बिजागऱ्या, जोडकड्या. वाहनाचा क्रमांक आणि मोजल्याची तारीख लिहायला विसरू नये.

जे वाहन आता मोजता येत नाही त्याचे जुने छायाचित्र असू शकते. डबा समोरून, सरळ रेषेत टिपलेला असेल तर छायाचित्रातच फूटपट्टी दडलेली आहे. ती म्हणजे रुळांमधले ७६२ मिलिमीटर. समजा छायाचित्रात हे अंतर ३८ मिलिमीटर भरले आणि डब्याची रुंदी १०४ मिलिमीटर. तर खरी रुंदी १०४ × ७६२ ÷ ३८, म्हणजे सुमारे २०८५ मिलिमीटर. डब्याचा दर्शनी भाग आणि जिथे रुळांचे अंतर मोजले ती जागा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवी, नाही तर उत्तर चुकेल. किती चुकेल, हा भूमितीचा चांगला प्रश्न आहे.

यंत्र वापरायचे झाल्यास काळजी घ्यावी. घट्ट न झालेल्या रेझिनमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे आणि हवेशीर खोली आवश्यक. डबा धुण्यासाठी वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल ज्वालाग्राही असते. उरलेले रेझिन मोरीत ओतू नये. उन्हात ठेवून ते पूर्ण घट्ट करावे आणि मग टाकावे. विदर्भात उन्हाची कमतरता नाही! पण त्याच कारणाने यंत्र खिडकीपासून दूर ठेवावे, नाही तर थाळीतले रेझिनही घट्ट होऊन बसेल. लहान मुलांच्या हाती हे काम देऊ नये.

इंझोरीच्या त्या दोन गृहस्थांपैकी खरे कोण? कदाचित दोघेही. वेगवेगळ्या वेळी बांधलेल्या डब्यांची दारे वेगवेगळी असू शकतात. निघण्यापूर्वी मी दोघांना कागद दिला आणि आपापले दार काढून दाखवायला सांगितले. एकांनी सरकणारे दार काढले आणि कडी कुठे होती तेही दाखवले. दुसऱ्यांनी दोन पल्ले काढले. आठवीतल्या एका मुलीने दोन्ही कागदांवर त्यांची नावे, वय, त्यांनी डबा कुठे पाहिला ते स्टेशन आणि त्या दिवसाची तारीख लिहिली. ते कागद माझ्याजवळ आहेत. माझ्या डब्याच्या फाइलचे नाव मी बदलले आहे. आता तिथे 'बार्शीची चौकट, दार काल्पनिक' असे लिहिले आहे. शकुंतलेच्या डब्याची फाइल कोरीच आहे.